टिपलेले आवाज

पातेल्यावरचं झाकण थडथडलं, तशी सुकन्या उठली. पण तिचा हात गॅसकडे जाण्याआधी रेकॉर्डरकडे गेला. दूध उतू गेलं. आवाज मात्र स्वच्छ मिळाला.

मराठवाड्यातल्या गोरेगावातलं हे घर दुपारी निपचित पडलेलं असे. नवरा राम जीप घेऊन हिंगोलीच्या फेरीवर, सासरे रखमाजी शेळ्या घेऊन माळावर, सासूबाई भागाबाई ओसरीत कलंडलेल्या, आणि तिची चार वर्षांची लेक रागिणी पंख्याखाली पालथी झोपलेली. लेक झोपली की सुकन्याचं काम सुरू व्हायचं. धान्याच्या कोठीशेजारी टेबल, त्यावर लॅपटॉप, माईक, आणि बाहेरचा गोंगाट आत येऊ नये म्हणून भिंतींवर टांगलेल्या जुन्या गोधड्या.

तिच्या संगीतात गाणं नसे, ठेकाही क्वचितच. घरातला नाहीतर रानातला एखादा आवाज घ्यायचा, कॉम्प्युटरवर ताणून ताणून लांब करायचा, थरावर थर चढवायचे, की त्याचं धुक्यासारखं काहीतरी व्हायचं. कुठल्या कुठल्या देशांतले लोक ते ऐकत झोपी जात. तसं तिला लिहूनही पाठवत. भागाबाईंनी एकदा हौसेने हेडफोन लावले आणि लगेच काढून ठेवले.

"ह्याला गाणं म्हणतेत? मला तं कूलर लावल्यावानी वाटून राह्यलं."

"माय, कूलरला कुणी शाबासकी धाडत नसतं," राम हसत म्हणाला.

तिचं नाव झालं ते माहेरच्या आवाजाने. कुरुंद्याला तिच्या वडिलांकडे हळद पॉलिश करायचा लोखंडी ड्रम होता. तो फिरू लागला की गल्लीतल्या भिंती गुणगुणायच्या. त्या घरघरीवर तिने आख्खा अल्बम उभा केला आणि तो दूरवर वाजला. पुढच्या हंगामात वडील फोनवर म्हणाले, "ड्रम बराबर फिरतोय, पण आवाजच न्हाई बग. बेरिंग लई झकास बसलं असंल." बापलेक दोघंही खूश झाली.

मग घंटी. बाजारातून घंटी आणायची तर रखमाजी दुकानदार वैतागेपर्यंत एकेक घंटी कानाशी धरून वाजवत. म्होरक्या बोकडाच्या गळ्यातल्या त्या एका आवाजामागे सगळा कळप चालायचा. सुकन्याने तो टिपला. तिचा तुकडा नेटवर चढला, आणि दुसऱ्याच दिवशी रखमाजी माळावरून घामाघूम होऊन परतले. शेळ्या वाट फुटेल तिकडे पांगल्या होत्या.

"घंटीला काय झालंय बघ गं."

तिने हलवून पाहिली. आतला लोलक पितळेवर आपटत होता. त्याचा हादरा बोटांना लागत होता. ऐकू काहीच येत नव्हतं.

"तडकली असंल, मामा."

"तडकलेली भसाडी वाजती, पोरी. वाजायची राहत न्हाई."

तिने तो विषय मनातून काढून टाकला. नवी घंटी आली, कळपही तिला सरावला. आणि सुकन्याने पुढचा आवाज घेतला: भाकरी थापताना किणकिणणाऱ्या भागाबाईंच्या बांगड्या.

तो तुकडा प्रसिद्ध झाल्यावरची ती सकाळ. सुकन्या चुलीपाशी पीठ घेऊन आली तर भागाबाई भाकरी थापत होत्या. हिरव्या बांगड्या मनगटावर एकमेकींवर आदळत होत्या. तळव्याची थपथप नीट ऐकू येत होती. बाकी काही नाही.

"कालपासून कान बसलेत माझे," भागाबाई म्हणाल्या. "बांगड्या हायेत का न्हाई, बघून खात्री करावी लागून राह्यली."

सुकन्याच्या हातातली परात खाली आली. नव्या अल्बमचा पहिला तुकडा तिने गेल्याच आठवड्यात तिचं संगीत काढणाऱ्या परदेशी कंपनीला धाडला होता. त्यात रागिणीचं हसू होतं.

ती अंगणात धावली. रागिणी करडाच्या मागे पळत खिदळत होती. हसू अजून जागेवर होतं. शुक्रवारी अल्बम बाहेर येईपर्यंत.

तिने कंपनीला लिहिलं, तो तुकडा मागे घ्या. परदेशातून सभ्य उत्तर आलं: तारीख जाहीर झालीय, आज संध्याकाळपर्यंत तेवढ्याच लांबीचं दुसरं काही द्या, नाहीतर आहे तेच जाईल. तिने फोन केला. तिकडच्या माणसाला ती खरं कारण सांगायला गेली आणि मध्येच थांबली. काय सांगणार?

मग ती रेकॉर्डर घेऊन घरभर फिरली. शेळ्यांचं बें-बें? करडू आईला शोधणार कसं. रामच्या जीपचा हॉर्न? त्या वळणावळणाच्या रस्त्यावर तो नसला तर. रखमाजींची कळपाला घातलेली हाळी? उचलायला जावं तो प्रत्येक आवाज कुणाच्या तरी गरजेचा निघत होता.

"काय हुडकून राह्यली गं सकाळपासून?" भागाबाईंनी विचारलं.

"काही न्हाई, आत्या. जरा रागूकडं बघता?"

"बघते की. पर तुझा चेहरा काहून असा?"

तिने दार लोटून घेतलं. माईकसमोर बसली. रागिणीला झोपवताना गुणगुणायची ती अंगाई तिने सावकाश म्हटली, मग नुसता सूर धरला, मग लेकीला ज्या ज्या लाडाच्या नावांनी हाक मारी ती सगळी एकदा म्हणून घेतली. फाईल गेली. जुना तुकडा काढल्याचं कंपनीने कळवलं.

तिने गुरुवारभर रागिणीशी खूप गप्पा मारल्या. राम म्हणाला, "आज तुझ्या तोंडाला उसंतच न्हाई."

शुक्रवारी दुपारी अल्बम बाहेर आला.

अंगणात करडाने रागिणीची ओढणी चावली आणि ती मोठ्याने हसली. पूर्वीसारखीच. सुकन्या दाराला टेकून खाली बसली. तिला रडू फुटलं.

रागिणी आत आली. मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "मम्मी, गाणं म्हण ना."

सुकन्याने तिच्या केसांवरून हात फिरवला आणि गायला सुरुवात केली. छाती भरत होती. गळा थरथरत होता.

रागिणी थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिली. मग उठून बसली आणि आपला इवला तळवा तिच्या ओठांवर ठेवला.

"मम्मी, नुसतंच तोंड काहून हालवून राह्यली तू?"