कोडापेकाकांचे थांबलेले हात

एक कोडं घ्या. बारा माणसं एकच काम करतात. त्यांतल्या ज्याचे हात सगळ्यांत कमी हलतात, त्याचंच काम सगळ्यांत चोख होतं. हे कसं?

अकरा वर्षांच्या कस्तुरीसमोर हे कोडं आलं ते एका मंगळवारी, शाळेतून आल्या आल्या. तिची आई वैजयंती संगणकाच्या पडद्यासमोर कपाळाला हात लावून बसली होती.

या आईचं काम मोठं गमतीचं बरं का. साताऱ्याकडच्या एका सड्यावर (डोंगरमाथ्याच्या सपाट खडकाळ पठारावर) एकशेवीस पवनचक्क्या होत्या. त्यांच्या दुरुस्तीला आता माणसं वर चढत नसत. कोळ्यासारखे आठ पायांचे यंत्रमानव सरसर चढत आणि ते चालवणारी बारा माणसं आपापल्या घरी बसून दूरनियंत्रण (लांब राहून यंत्र चालवणं) करत. कुणी अक्कलकोटला, कुणी मिरजेला, तर कोडापेकाका पार गडचिरोलीत, धानोऱ्याला. प्रत्येकाकडे दहा चक्क्या. या बारा जणांची प्रमुख वैजयंती.

"काय झालं गं?" कस्तुरीने दप्तर ठेवत विचारलं.

"घरून काम करणाऱ्यांसाठी एक सॉफ्टवेअर निवडायचंय. शुक्रवारपर्यंत. आठवडाभर हे 'पहारा' वापरून पाहिलं, आणि हे बघ काय निघालं."

'पहारा' प्रत्येकाच्या मनगटावरच्या पट्ट्यातून हात किती हलले ते मोजायचं आणि शंभरपैकी गुण द्यायचं. अक्कलकोटचे रेवणसिद्धकाका, अठ्ठ्याण्णव. मिरजेच्या हसीनामावशी, एकाहत्तर. देवाजी कोडापे, एकोणीस. आणि त्यांच्या नावापुढे लाल अक्षरांत लिहिलेलं : 'कामावर ठेवू नये.'

"पण कोडापेकाकांची एकही चक्की दोन वर्षांत बंद पडली नाही, असं तूच सांगतेस ना?"

"तेच तर. आणि रेवणसिद्धच्या या एका आठवड्यात दोन पडल्या. पण कंपनीचे साहेब म्हणतात, आकडा खोटं बोलत नाही."

आईने कोडापेकाकांना पडद्यावर बोलावलं. "देवाजीभाऊ, दिवसातले पाच तास तुमचे हात जागचे हलत नाहीत असं दिसतंय."

"खरं हाय ताई. डोळे मिटून बसतो मी. चक्कीची घरघर आयकतो. आवाजात खरखर आली का समजते, इथं बिघाड होणार हाय. मंग यंत्रमानव पाठवतो, दहा मिनिटांचं काम. आयकताना हात कायले हलवू?" मग त्यांनी विचारलं, "नोकरी जाईन का ताई? पोरगी यंदाच नर्सिंगले गेली."

"शुक्रवारपर्यंत थांबा," आई म्हणाली.

आत कस्तुरीचे आजोबा, अण्णा, शेंगा सोलत हे ऐकत होते. आवाजाचं शास्त्र शिकवण्यात त्यांचा जन्म गेला, आणि निवृत्त झाल्यापासून गावातलं एक कीर्तन त्यांनी चुकवलं नव्हतं. ते बाहेर येऊन म्हणाले, "कस्तुरे, उद्या एकादशी. तुझ्या त्या पहारेकऱ्याला कीर्तनाला घेऊन चल. तेवढंच पुण्य लागेल त्याला."

बुधवारी संध्याकाळी राममंदिर भरलं. कस्तुरीने आधी परवानगी विचारली आणि मगच आईकडचे जादा पट्टे बांधले : मुरलीधरबुवांना, तबल्यावरच्या दत्तोपंतांना आणि श्रोत्यांतल्या तात्या पोंक्ष्यांना.

काय रंगलं म्हणून सांगू ते कीर्तन. बुवा निरूपण (अभंगाचा अर्थ उलगडून सांगणं) करू लागले की देऊळ चिडीचूप. दत्तोपंत मांडीवर हात ठेवून, मान किंचित कलती करून नुसते ऐकत. मग बोलता बोलता बुवा अचानक अभंगाची ओळ उचलत, आणि त्याच क्षणी तबला असा समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) पडे की अंगावर काटा यावा.

आरती झाल्यावर कस्तुरीने गुण वाचले. बुवा, अडुसष्ट. दत्तोपंत, सव्वीस. आणि सगळ्यांत जास्त, चौऱ्याण्णव, तात्या पोंक्षे. तात्या कीर्तनभर डास मारत होते.

बुवा पोट धरून हसले. "तात्या, पुढच्या एकादशीला साथीला तुम्हीच."

"येतो की," तात्या म्हणाले, "डास आणायची जबाबदारी मात्र तुमची."

दत्तोपंत शांतपणे तबल्यावर गवसणी चढवत राहिले. बुवा मग कस्तुरीजवळ बसले. "निरूपण चालू असताना ज्याचे हात थांबतात, त्यालाच मी साथीला घेतो, बाळ. जो वाजवतच राहतो, त्याला माझं ऐकू कसं येणार?"

घरी जाताना अण्णांनी समजावलं. "काम चांगलं झालं का, हे पुष्कळदा थेट दिसत नाही. म्हणून आपण एक सूचकांक (मोठी गोष्ट ओळखायला घेतलेला छोटा आकडा) निवडतो. ताप बघायला थर्मामीटर, तसं. पण एखाद्याने थर्मामीटर चहात बुडवला तर?"

"आकडा वाढेल. ताप नाही वाढणार."

"आणि शाळा बुडवायला मिळते म्हटल्यावर पोरं चहा शोधायला लागतात. आकड्यावरच सगळं ठरायला लागलं, की माणसं कामामागे न धावता आकड्यामागे धावतात."

कस्तुरीला ते पटलं, पण एक प्रश्न उरलाच होता. बुवा दत्तोपंतांकडून काम करून घेतात तरी कसं? दुसऱ्या दिवशी शाळेला जाताना ती देवळात डोकावली.

"सोपं आहे," बुवा म्हणाले. "आधी स्वर ठरवतो. पुढे कोणता अभंग येणार ते सांगून ठेवतो. आणि अडलं तर त्यांनी माझ्याकडे बघायचं. बाकी विश्वास."

संध्याकाळी कस्तुरीकडून हे ऐकून आईने बाजूला टाकलेलं दुसरं सॉफ्टवेअर पुन्हा उघडलं. त्याचं नाव 'फळा'. त्यात गुण नव्हते, म्हणून ते मागे पडलं होतं. कोणती चक्की कुणाकडे, पुढचं काम कोणतं, कोण कुठे अडलंय आणि चक्की किती दिवस न थांबता फिरतेय, एवढंच सगळ्यांना दिसायचं.

पण या वेळी आई एकटीने ठरवायला बसली नाही. तिने बाराही जणांना बोलावलं.

"प्रत्येक गोष्ट लिहीत बसायची? मग काम कधी करायचं?" हसीनामावशींनी विचारलं.

"मले लिवाले वेळ लागते," कोडापेकाका हळूच म्हणाले. "बोलून चालंन का? अन् आमच्याकडं नेट जाते दुपारचं."

म्हणून तेही तपासलं. 'फळा' बोललेली नोंद घेत होतं, आणि नेट गेलं तर ती जपून ठेवून नंतर पाठवत होतं. सगळ्यांत शेवटी रेवणसिद्धकाकांनी घसा खाकरला. "मॅडम, माझे अठ्ठ्याण्णव काढून टाका. पट्टा मी पाळण्याला बांधला होता. पोराला झोप लागली, मला मार्क लागले. आणि हात हलवायच्या नादात चक्क्यांकडे बघायचं राहिलं."

शुक्रवारी साहेबांनी एकच प्रश्न विचारला. "माणूस कामावर आहे की नाही, हे तुम्हाला कळणार कसं?"

"चक्की फिरतेय की नाही, त्यावरून," आई म्हणाली, आणि तिने पाळण्याचे अठ्ठ्याण्णव गुण आणि कोडापेकाकांची दोन वर्षं शेजारी शेजारी ठेवली.

साहेबांनी दोन्हींवरून एकदा नजर फिरवली. "तीन महिने 'फळा' चालवून बघा," ते म्हणाले. "आणि ती लाल ओळ खोडा."

आईने आधी ओळ खोडली आणि मग धानोऱ्याला फोन लावला. पलीकडून काका म्हणाले, "पोरीले सांगतो."

रविवारी अण्णा कस्तुरीला म्हणाले, "उद्या मंगळावर यंत्रमानव काम करतील. तिथून इथे निरोप यायलाच कधी तीन मिनिटं लागतात, तर कधी वीसच्या वर. तिथल्या कुणाचे हात मोजणार तू? तिथे बुवांचीच रीत चालेल."

"मग मी जाईन तिथली प्रमुख व्हायला."

"जा की. पण आधी ऐकायला शीक."

तेवढ्यात कोडापेकाकांनी पडद्यावरून हाक मारली. "ये वं पोरी, सतरा नंबरची चक्की आयक."

कस्तुरीने कानाला हेडफोन लावले आणि डोळे मिटले. आधी नुसता वारा. मग घरघर. मग त्या घरघरीच्या आत, दूर कुठेतरी, दर फेरीला एकदा, वाळूचा कण दाताखाली यावा तशी बारीक खर्र.

"आली," ती पुटपुटली.

"आली ना," काका म्हणाले, आणि त्यांचा यंत्रमानव चढू लागला.

कीर्तनाला नेलेल्या पट्ट्यांतला एक तिने सकाळी गमतीने स्वतःच्या मनगटावर बांधला होता. त्याच्या चिमुकल्या पडद्यावर आकडा उमटला होता : शून्य.