भावाच्या पहारेकरी पेशी

चहा उकळेपर्यंत पट्टा आपलं काम उरकत असे. पोटाला गुंडाळायचा आणि स्वस्थ बसायचं. ध्वनिलहरी यकृतातून फिरून येत आणि मोबाईलवर त्याचा रंगीत नकाशा उमटे. मिरजेतल्या त्या घरात दोघे भाऊ रोज सकाळी समोरासमोर बसत.

"दादा, बघ! सगळं हिरवं!" पराग ओरडला.

गेल्या वर्षी त्या नकाशावर पिवळे ठिपके होते. आता एकही नव्हता. "छान," धनंजय म्हणाला. तेवढा शब्दही त्याला जड गेला. त्याच्या स्वतःच्या नकाशावर एक ठिपका तांबडा होता.

'ब' काविळीचा विषाणू दोघांनाही आईकडून जन्मतःच मिळालेला. धनंजय कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचा. त्याने गोळी कधी चुकवली नाही, दारूला कधी शिवला नाही. पराग ऑर्केस्ट्रात ट्रंपेट वाजवायचा, कार्यक्रमानंतर प्यायचा, गोळ्या विसरायचा. म्हणून तो आधी आजारी पडला आणि नव्या उपचारात आधी शिरला. 'मला काय धाड भरलीय' म्हणत धनंजयने मात्र पट्टा बांधला तो फार उशिरा. बेफिकिरीला बक्षीस आणि शिस्तीला शिक्षा! हा काटा त्याच्या मनातून निघत नव्हता.

दुपारी त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. शाहीन मुजावर यांनी दोघांना बोलावलं.

"माझं चुकलं कुठे?" धनंजयने विचारलं.

"चुकलं असं नाही, सर. या आजारात यकृताच्या पेशी मरत राहतात, नव्या घडत राहतात. वर्षानुवर्षं ही पडझड आणि डागडुजी चालली की व्रण साठतात, गाठी उठतात. नव्या पेशींत चुका शिरतात. त्या पिवळ्या दिसतात, पण तो अजून कर्करोग नसतो. त्यातली एखादी सगळे लगाम तोडते, तेव्हा तांबडा ठिपका उमटतो. परागना आपण पिवळ्यावरच गाठलं. त्यांच्या पांढऱ्या पेशींना बिघडलेली पेशी ओळखायला शिकवलं."

"आणि माझ्या?"

"शिकवून पाहिलं, पण शिकल्याच नाहीत. शस्त्रक्रिया तुमच्या यकृताला झेपणार नाही. पण भावाच्या शिकलेल्या पेशी तुम्हाला जुळतात, त्या काढून तुमच्या शरीरात सोडता येतील. फक्त, पुरेशा काढल्या तर त्यांच्या यकृतावरचा पहारा दुबळा होईल. पिवळे ठिपके परत येऊ शकतात."

"काढा की! उद्याच काढा," पराग म्हणाला. कुणी तांब्याभर पाणी मागावं आणि द्यावं, इतक्या सहज.

धनंजय जळफळला. हा मोठेपणाही यालाच मिळावा! त्याच क्षणी परागच्या नकाशावर पुन्हा पिवळे ठिपके उमटलेले त्याच्या डोळ्यांसमोर आले, आणि त्याला बरं वाटलं. अगदी निमिषभर. मग त्याला स्वतःचीच शरम वाटली.

"डॉक्टर, त्याला धोका होणार नाही एवढ्याच काढा," तो म्हणाला.

"तेवढ्याने तुमचा ठिपका जाईल याची खात्री नाही, सर."

"चालेल."

पराग ताडकन उठला. "दादा, माझं घ्यायला एवढं जड जातंय तुला?"

धनंजयने मोबाईलवरचा आपला तांबडा ठिपका पुन्हा पाहिला. भावाला वाचवायचं म्हणून तो अर्ध्यावर थांबला होता, की भावाचे उपकार नकोत म्हणून?