ओलं आहे, हलू नका

"हलू नका!"

एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर... तो तरुण जागच्या जागी थिजला.

"काय झालं?" त्यानं ओठ न हलवता विचारलं.

"धूळ," ती म्हणाली. "गावभरची आणलीत चपलांना. इथं माझं टेबल ओलं आहे. पाऊल टाकलंत की उडेल, आणि बरोबर वार्निशवरच येऊन बसेल मेली. तिला दुसरी जागाच सुचत नाही."

"मग किती वेळ उभा राहू?"

"चिकटपणा जाईपर्यंत."

"म्हणजे?"

"दोन तास."

दुसरा कोणी असता तर हसला असता, नाहीतर कपाळाला आठ्या घालून चालता झाला असता. हा बाबा उभा राहिला. खरोखरच उभा राहिला! पाव तास झाला तेव्हा तिलाच लाज वाटली. तिनं एक ओलं पोतं दाराशी सरकवलं. "ह्यावर पाय पुसा आणि त्या स्टुलावर बसा. पण बसायचं म्हणजे बसायचं."

तो घड्याळजी होता, परगावचा. वाचनालयातलं उभं घड्याळ दुरुस्त करायला त्याला बोलावलं होतं. चक्रं, लंबक त्याच्या ताब्यात. पण पुरुषभर उंचीची लाकडी पेटी पार कळाहीन झालेली. तिला वार्निशचे तीन हात द्यायचे, दिवसाला एक. पेटी वाळली की घड्याळ आत बसवायचं आणि त्याच संध्याकाळची बस पकडायची. कसं सगळं सरळ!

लाकडी सामानाला वार्निश लावून देण्याचं हे दुकान आईचं, दुकानातली जीभही आईचीच. ब्रश मात्र हिचा, धाकटीचा. थोरल्या दोघी आपापल्या घरी गेल्या, ही वार्निशच्या डब्यापाशी राहिली. एका स्थळानं तिची तपकिरी नखं बघून नाक मुरडलं होतं. "नखं टर्पेंटाइननं निघतात," आई त्यांना म्हणाली, "तुमचं नाक कशानं सरळ करायचं ते सांगा." त्यानंतर बरेच दिवस कोणी फिरकलं नाही. धाकटीचंही काही अडलं नव्हतं... असं ती म्हणायची.

दुसऱ्या दिवशी पेटी आली. तिनं जमिनीवर पाणी शिंपडलं, खिडकी लावली, पंखा बंद केला आणि लांब, सावकाश हातानं ब्रश फिरवला. मग दोघं पेटीच्या समोर दोन स्टुलांवर बसली. न हलता.

"थांबायलाच हवं असं नाही तुम्ही," ती म्हणाली.

"पेटी माझ्या जबाबदारीवर आहे."

"पळून जाणार आहे का ती?"

"सांगता येत नाही. दिवस वाईट आहेत."

तिनं हसू दाबलं. हसतानाही खांदे हलतात ना! "कंटाळा नाही येत असं बसायला?"

"मीही धुळीचा वैरीच. घड्याळात एक कण गेला, तर आठवडा वाया."

"मग आपलं जमेल," ती बोलून गेली आणि जीभ चावली. "म्हणजे... कामाचं."

"हो हो. कामाचंच."

ओलं वार्निश आरशाला लाजवत होतं. मान न वळवता त्यात सगळं दिसे – बंद खिडकीच्या फटीतलं ऊन, आणि त्याचे शांत, लांब बोटांचे हात.

"तुम्ही माझ्याकडे बघताय," तो हळूच म्हणाला.

"मी पेटीकडे बघतेय."

"मीपण पेटीकडेच."

दोन दिवस पेटीकडे बघण्यात गेले.

तिसऱ्या दिवशी शेवटचा हात देऊन तिनं ब्रश डब्यावर आडवा ठेवला. तो स्टुलावर बसला, पण आज त्याचा गुडघा हलत होता.

"उद्या दहाला नेतो. संध्याकाळी बस आहे."

"बरं."

"बरं? एवढंच?"

"मग काय, बँड लावू?"

तो चष्मा काढून पुसत म्हणाला, "कधी... चौथा हात देतात का?"

"छे! तीनवर थांबायचं. चौथा दिला की लाकूड लाकूड राहत नाही, काच होते."

"असं होय," तो म्हणाला. उठला, अगदी अलगद, धूळ न उडवता दारापर्यंत गेला आणि पाठमोरा होऊन चपला घालू लागला.

कामात एवढी हुशार मुलगी, पण तिच्या डोक्यात उजेड पडला तो त्याचा दुसरा पाय चपलेत जाताना. अगं बाई! हा पेटीचं विचारत होता का? आणि मी त्याला लाकडाचं शास्त्र सांगत बसले!

हाक मारणं तिला कधी जमलं नव्हतं. तिनं कोपऱ्यातला झाडू उचलला आणि ओल्या पेटीशेजारी, एव्हाना वाळलेल्या जमिनीवरून जोरात फिरवला. एकदा. दोनदा. उन्हाच्या पट्ट्यात धूळ नाचत वर गेली आणि सावकाश, मजेत खाली उतरली. तिला दुसरी जागा सुचतच नव्हती.

"अहो!" तो एका चपलेनिशी आत धावला. "ओलं आहे ते!"

"माहीत आहे."

"सगळं खराब झालं!"

"झालं खरं. आता घासून काढायचं आणि पहिल्यापासून तीन हात." तिनं झाडू खाली टेकवला. "बस... चुकेल तुमची."

तो पेटीकडे बघत राहिला, मग – पहिल्यांदाच – सरळ तिच्याकडे. "मी ते पेटीचं विचारलं नव्हतं."

"कळलं. उशिरा कळलं, पण कळलं."

"आणि उत्तर?"

"हे काय, झाडून दिलं की!"

"कोण झाडतंय गं?" आतून आईचा आवाज आला. पाठोपाठ आई दारात. तिनं पेटी बघितली, झाडू बघितला, एका चपलेवर उभा असलेला घड्याळजी बघितला. उघडलेलं तोंड तिनं मिटलं. हे दुकानानं कधी पाहिलं नव्हतं.

"झाडायला घेतलंच आहेस," ती अखेर म्हणाली, "तर कोपरे सोडू नकोस." आणि वळून आत गेली. जाताना दार ओढून घेतलं.

धाकटीनं मान वर केली. तिच्या पापणीवर धुळीचा एक कण बसला होता.

"हलू नका," तो म्हणाला. घड्याळाच्या चक्राला लावावं तसं बोट त्यानं जवळ आणलं.

"किती वेळ?" तिनं ओठ न हलवता विचारलं.

"घड्याळ तर उघडून ठेवलंय," तो म्हणाला. "मोजणार कोण?"