तिसरा पुकारा

खारूताईला ऐकू कमी येतं की काय, या काळजीनं आठवडाभर माझी झोप उडाली होती. खारूताई म्हणजे माझी मुलगी, वय साडेपाच. पहिल्या दोन हाकांना ढिम्म. तिसरीला मात्र "ओ" देऊन समोर उभी. कानाच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "कान उत्तम आहेत. तुम्हीच जरा झोपत जा." एवढी शिकलेली मी, तरी रिपोर्ट उशाशी ठेवून रात्री दोनला मोबाइलवर रोगांची नावं वाचत बसते. सासऱ्यांचं बरं आहे. ते दोनदा हाक मारतात, मग उठून जातात आणि तिच्या खांद्यावर हात ठेवतात. तिसरी हाक नाही, आरडाओरडा नाही. मला वाटायचं, केवढा हा संयम!

परवा गुरुवारी रात्री साडेआठला वीज गेली. पुढच्या खोलीत मेणबत्ती लावून आम्ही बसलो होतो. समोर माडीवर जाणारा जिना, त्याच्याखाली अंधार. सासरे कोर्टातले निवृत्त शिपाई. जावेची मुलगी, सातवीतली, त्यांच्या मागे लागली.

"आजोबा, भुताची सांगा. पण खरी हं. शेवटी मांजर निघालेली नको."

"खरीच आहे. माझ्या ओळखीच्या माणसाची."

मी खारूताईला आत न्यायला हवं होतं. नेलं नाही. मलाही ऐकायची होती ना!

"आमच्याच कोर्टात होता तो," सासरे म्हणाले. "शिपाईच. एका बुधवारी जजसाहेबांचा चष्मा कोर्टात राहिला. अठ्ठावीस तारीख, रात्रीचे पावणेआठ. साहेब म्हणाले, जरा घेऊन ये. हा किल्ल्या आणि बॅटरी घेऊन निघाला."

"एकटाच?"

"चष्मा आणायला काय वरात काढायची? ऐक. त्याचं काम पुकाऱ्याचं. खटला निघाला की दाराबाहेर यायचं आणि आरोपीचं नाव तीनदा मोठ्यानं घ्यायचं. तिसऱ्यालाही कोणी आलं नाही, तर कागदावर लिहायचं, 'तीनदा पुकारा केला, गैरहजर.' मग साहेब वॉरंट काढणार, पोलीस उचलून आणणार.

"एक म्हातारा शिंपी यायचा तारखेला. गिऱ्हाइकाचं अडीच मीटर कापड चोरलं म्हणून खटला. सहा वर्षं चालू. जामिनावर होता. एका कानानं बहिरा. गर्दीत बिचारा सारखा दचकायचा, दुसऱ्याच्या नावाला उठायचा, लोक हसायचे. म्हणून ह्यानंच त्याला सांगून ठेवलं होतं, 'काका, तुम्ही जिन्याखालच्या बाकावर निवांत बसा. पहिल्या दोन पुकाऱ्यांना उठूच नका. तिसरा मी जिन्याकडे तोंड करून देईन. तेव्हा उठा.' म्हातारा खूश. प्रत्येक तारखेला तिसऱ्याला उठायचा, आत यायचा, हजेरीचा अंगठा द्यायचा. अंगठ्यावर सुईनं फाटल्याची आडवी खूण होती."

"मग?"

"मग एकदा... मधल्या सुट्टीची वेळ झाली होती. डबे उघडले होते. ह्यानं दोन पुकारे केले. कोणी हललं नाही. भूक लागली होती. हा आत गेला आणि लिहिलं, तीनदा."

मेणबत्ती चरचरली. मी खारूताईला मांडीवर घेतलं.

"म्हातारा बाकावर बसून होता. सांगितल्याप्रमाणे. कोर्ट उठेपर्यंत. रात्री घरून उचलला त्याला. सकाळी कोठडीचं दार उघडलं तर..." सासऱ्यांनी नातींकडे बघितलं. "...संपलं होतं. चौकशी झाली. कागद बरोबर होता. म्हातारा गैरहजर. ह्याला कोणी विचारलं नाही. ह्यानं सांगितलं नाही."

"आणि चष्मा?" मोठीनं हळूच विचारलं.

"त्यानंतर तेराव्या दिवशीची गोष्ट ही. हा कोर्टात पोचला. दालन उघडलं. टेबलावर फायलींचा ढीग, त्यावर चष्मा. खिशात टाकला. बाहेर आला. कुलूप लावायला वाकला..."

सासऱ्यांनी मेणबत्तीची वात सारखी केली.

"मागून कोणीतरी खाकरलं.

"जिन्याखालून.

"ह्यानं वळून बघितलं नाही. किल्ली फिरेना. मग आवाज आला. अगदी अदबीनं. 'साहेब... तिसरा राहिला.'

"हा पळाला. कुलूप तसंच. सकाळी सगळ्यांच्या आधी पोचला. बाक रिकामा. आत गेला. ढिगातली वरची फाईल उघडी पडली होती, म्हाताऱ्याचीच. त्याच तारखेचं पान. 'गैरहजर' या शब्दावर अंगठा. निळी शाई... ओली. मधोमध आडवी खूण."

स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता.

खारूताई माझ्या मांडीवरून म्हणाली, "मग त्या माणसानं तिसरी हाक मारली?"

"नाही."

"अजून नाही?"

"कोणालाच मारत नाही तो. घरातसुद्धा. दोन मारतो... आणि उठून जातो."

सात वर्षं मी या घरात आहे. मी सासऱ्यांकडे बघितलं. ते मेणबत्तीकडे बघत होते.

"का नाही मारत?" खारूताई सोडेना.

"ओ आली तर... काय तोंड दाखवणार?"

"पण ते आजोबा बसून राहिलेत ना! त्यांना घरी जायचं असेल. तुम्ही मारा."

"खारू, गप्प बस," मी म्हणाले. माझाच आवाज फाटला.

सासरे उठले. गुडघे वाजले. जिन्याकडे तोंड करून, हात पाठीशी बांधून ताठ उभे राहिले. मी "बाबा, नको" म्हणणार होते. त्यांनी छातीत श्वास भरला आणि एक नाव घेतलं. कधी न ऐकलेल्या, भिंतींना लागून परत येणाऱ्या आवाजात. एकदाच. ते नाव मी इथे लिहिणार नाही.

मी कान देऊन ऐकलं. दहा मोजले. वीस मोजले. नळ. माझी छाती. बाकी काही नाही.

सासरे खाली बसले. गाल ओले होते. मोठी त्यांना बिलगली. मला एकदम हलकं वाटलं, हसूच आलं.

"बघितलंस?" मी खारूताईला म्हणाले. "काही नसतं असलं. कोणी ओ दिली का?"

ती जिन्याखाली बघत होती.

"दिली की," ती म्हणाली. "आई, तुला ऐकू नाही आलं?"