सात नंबरच्या मशीनवर

त्या दिवशी कॉम्प्युटर लॅबमधलं तिचं मशीन बंद पडलं नसतं, तर... तर टकळीला मौनीबाबाशेजारी, त्याच्या सात नंबरच्या मशीनवर, बसावंच लागलं नसतं!

ही नावं वर्गाने ठेवलेली. ती अखंड बोलायची. आणि तो — यंदाच शाळेत आलेला — हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायचा. शिष्ट आहे मेला, असं तिने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं.

"सरक."

तो सरकला. इतका, की खुर्चीवरून पडायचाच बाकी राहिला.

तिचा प्रोजेक्ट लायब्ररीचा. दोन पुस्तकं सारखी आहेत का, ते प्रोग्रॅमने सांगायचं. नाव, लेखक जुळले की 'ट्रू'. तिने ऐटीत रन केलं आणि पडदा चुकांच्या लाल ओळींनी भरून गेला.

"पुस्तकाची तुलना कशाशी केलीस?" मऊ, किंचित घोगरा आवाज. त्याचा!

"चुकून पुस्तकाऐवजी वाचकाची नोंद गेली, त्याचं ऑब्जेक्ट. एवढ्यावरून कोलमडायचं?"

"अगं, तिथे काहीही येऊ शकतं. तू मात्र पुस्तकच आलंय असं धरून सरळ कास्ट केलंस, पुस्तकाच्या साच्यात कोंबलंस. आधी विचारायचं, पुस्तक आहेस का? हो आलं तरच कास्ट, मग नाव-लेखक. नाही तर 'फॉल्स', विषय संपला."

"बापरे! एवढं बोलता येतं तुला?"

"तू कधी विचारलंस?"

टकळीने कीबोर्ड त्याच्याकडे सरकवला.

तिचं मशीन दोन दिवसांत दुरुस्त झालं. ती मात्र सात नंबरवरच राहिली... खिडकीतून वारा छान येतो म्हणे!

मग त्याच्या बाबांची बदली झाली. शेवटच्या तासापर्यंत तिने त्याला पेनाच्या शाईपासून बाईंच्या चपलांपर्यंत सगळं सांगितलं. फक्त एक गोष्ट सांगायची राहिली.

घंटा झाली. तो दप्तर उचलून दारापाशी गेला, थबकला. "एक फाईल ठेवलीय. रन कर ना... आत्ताच."

फाईलमध्ये 'शेजारी' नावाचा क्लास, म्हणजे साचा, आणि त्यातून घडवलेली दोन ऑब्जेक्ट्स: पहिलं तो, दुसरं ती. आधी विचारणा, मग कास्ट, मग तुलना, सगळं अगदी शिस्तीत. मशीन: सात, सात. खिडकी: उघडी, उघडी. शेजारचं माणूस आवडतं: पहिल्यात 'हो'. दुसऱ्यात... रिकामं.

रन केलं. 'फॉल्स'.

तिने दाराकडे पाहिलं. तो बुटांकडे बघत होता, कान लालबुंद. तिने रिकाम्या जागी 'हो' लिहायला घेतलं. एकच अक्षर, पण तीनदा चुकलं! पुन्हा रन केलं आणि पडदा दाराकडे वळवला.

'ट्रू'.

मौनीबाबा इतक्या मोठ्याने हसला, की बाई शेजारच्या वर्गातून ओरडल्या, "टकळे, हळू!"

आता लॅबमध्ये नवी मशीनं आलीत. ती फाईल तिने जपून ठेवलीय. कधीतरी उघडते, एक अक्षरही बदलत नाही, नुसती रन करते... आणि उत्तर यायच्या आधीच हसू लागते.