बायजाबाईंच्या घरातली पाकिटं

"मॅडम, माझ्या बायकोनं आईला मारायला घेतलंय!"

फोनवर आदेश किंचाळत होता. उपनिरीक्षक वैशाली ठाकूर रोह्याच्या इस्पितळात पोहोचली, तेव्हा त्याची आई बायजाबाई ऑक्सिजनवर होती. हृदय आधीच कमजोर. मीठ जवळजवळ बंद केलेलं. तरी ते रोज पोटात जात होतं, असं डॉक्टर ठामपणे म्हणाले. छातीत पाणी भरलं होतं.

व्हरांड्यात आदेश बायकोच्या, पूजाच्या अंगावर धावून जात होता. पेणच्या खाद्यपदार्थांच्या एजन्सीचा तो सेल्समन. अंगात एजन्सीचा निळा शर्ट तसाच होता.

"घरच्या कचऱ्यात सूपची पाकिटं सापडली. खारट नुसतं! हिनंच आणली गोविंदाच्या दुकानातनं!"

"मी नाय आणली," पूजा म्हणाली.

"मग कुणी आणली?"

"मला काय ठावं? मी भाकरी-भाजी झाकून सकाळच्या शिफ्टला जाते. मागं घरात हे दोघंच."

वैशालीनं त्यानं आणलेलं एक पाकीट उजेडात धरलं. कोपऱ्यात नाण्याएवढा चिकट गोल, त्यावर धूळ बसलेली. ती तडक त्यांच्या गावी, वरशाला, गोविंदाच्या दुकानात गेली.

तिथं जास्त मीठ-साखरेच्या पाकिटांवर लाल स्टिकर होते. महिला मंडळानं लावायला लावले होते, आणि मंडळात सगळ्यात पुढं होत्या बायजाबाई.

"सूप कुठंय?"

"नाय मॅडम. लाल लागलं नि बायांनी हात लावणं सोडलं. समदा माल एजन्सीच्या गाडीत परत घातला."

"स्टिकर काढून?"

"कशाला काढू? होते तसेच."

"त्याआधी पूजानं नेलं असेल."

"पूजा? ती मागची बारीक अक्षरं वाचल्याबिगर बिस्कीट घेत नाय." गोविंदा कडवट हसला. "स्टिकर लावणारा मीच येडा. खांब गावच्या जितेशनं त्याच्या दुकानातले काढून टाकले. कुणीतरी व्हिडिओ दाखवला त्याला. हृदयाची पेशंट म्हातारी रोज सूप पिते नि ठणठणीत हाय म्हणे."

वैशालीनं जितेशला फोन लावला. व्हिडिओ आला. तो पाहून ती इस्पितळात परतली.

"अटक करा हिला!" आदेश ओरडला.

"आधी ऐका. या पाकिटांवर लाल स्टिकर होता, तो कुणीतरी सोलला. तुम्हीच म्हणालात, माल गोविंदाच्या दुकानातला. पण स्टिकर लागल्यावर तिथं सूप विकलंच गेलं नाही, परत गेलं. परतीचा माल कुणाच्या हातात येतो?"

आदेशनं शर्टावरचं एजन्सीचं नाव हातानं झाकलं.

"सेल्समनच्या. तुमच्या. आईला वाचता येत नाही; लाल दिसलं की नको, एवढंच ठाऊक. म्हणून तुम्ही स्टिकर काढलेत."

"मी माझ्या आईला मारीन?"

वैशालीनं मोबाईल पुढं धरला. पडद्यावर बायजाबाई कपातून सूप पीत होत्या. मागून आवाज येत होता आदेशचा: "बघा शेठ, हार्टची पेशंट. रोज पिते. काय होतं? काढा ते स्टिकर."

पूजा सासूच्या खोलीच्या दारात आडवी उभी राहिली.

"आईनंच माझा धंदा बुडवला!" आदेश उसळला. "दुकानादुकानांत स्टिकर लावत फिरली. एजन्सीवाले माझी आय-माय काढायचे! मला फक्त दाखवायचं होतं, काय होत नाय म्हणून."

"आणि झालं, तेव्हा बायकोला पुढं केलंत."

हवालदार त्याला घेऊन गेला.

बायजाबाईंचा मास्क निघाल्यावर वैशालीनं त्यांना सगळं सांगितलं.

"कधी पाण्याचा तांब्या नाय दिला गो त्यानं मला," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी कप हातात द्यायला लागला. मला वाटलं, लेकाला माया आली."

त्यांनी पूजाचा हात चाचपून धरला.

"बाय, त्याला माझ्या घरात आणू नको."