सगळ्याला हो

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर पुढे सरका. पण ही गोष्ट ऐकीव नाही. माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलेली आहे, आणि मामा थापा मारणाऱ्यांतला नाही. तीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करतोय. त्याला भुतापेक्षा ग्राहकांची जास्त भीती वाटते.

रात्र वगैरे नव्हती. मार्चमधला दुसरा रविवार. दुपारचे अडीच. बाहेर डोळे दिपतील असं ऊन.

फोन एका बाईंचा होता. मामा सगळ्याच बाईमाणसांना ताई म्हणतो, म्हणून आपणही ताईच म्हणू.

"दादा, कॉम्प्युटर सुरूच होत नाहीये. नुसता बीप बीप करतोय. उद्या अकरा वाजता प्रबंध जमा करायचाय. सहा वर्षं आहेत हो माझी त्यात!"

मामा पिशवी घेऊन निघाला.

तळमजल्यावरचं घर. ताई एकट्याच. नवरा मागेच वारलेला, आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं सहा वर्षं सगळं यांनीच केलं. सगळं म्हणजे सगळं. सासूबाई जानेवारीत गेल्या. प्रबंध लिहिला तो त्यांच्याच उशाशी बसून. विषय काय, तर गोगलगायी.

"लोकांना गोगलगायींची किळस येते," ताई म्हणाल्या. "मला नाही आली कधी. मला कशाची यायची ते मलाच ठाऊक."

खोलीत फिनेलचा वास होता. आणि फिनेलच्या खाली अजून एक...

खूप दिवस न धुतलेल्या डोक्याचा.

मामाने नाक आखडलं. "दुसरीकडे कॉपी ठेवलीय का, ताई?"

"पेनड्राइव्हवर होती. तो आईंच्या शौचाच्या भांड्यात पडला. भरलेल्या. हात घालून काढला, तीनदा धुतला. मेला तो मेलाच."

मामा हसणार होता. ताईंचा चेहरा बघून त्याने हसू गिळलं.

त्याने कॉम्प्युटरच्या डब्याचे स्क्रू काढले. बाजूचा पत्रा सरकवला...

आणि दोन पावलं मागे झाला.

आत केस होते.

पांढरे. लांब. आतल्या पंख्याला करकचून गुंडाळलेले. मामाने आजवर डब्यांतून झुरळं काढली आहेत, पाली काढल्या आहेत, एकदा तर उंदराची जिवंत पिल्लं काढली. पण ते केस ओलसर होते. तेलकट होते. चिमट्याने ओढले तर येतच राहिले... हातभर... आणखी हातभर.

काहींच्या टोकाला खपल्या होत्या.

मामाने चिमटा खाली ठेवला. "सासूबाईंचे केस लांब होते वाटतं?"

"होते. डोक्याला जखमा झाल्या, म्हणून तीन वर्षांपूर्वी सगळे काढून टाकले." ताईंनी डब्याकडे बोट केलं. "हा डबा मी गेल्या वर्षी नवा घेतलाय, दादा."

केस वर्तमानपत्रात गुंडाळून मामाने कोपऱ्यात ठेवले आणि कामाला लागला. हातातलं काम चालू असलं की डोकं ठिकाणावर राहतं, असं तो म्हणतो.

बीप वाजतो म्हणजे बहुतेक वेळा रॅमची पट्टी नीट बसलेली नसते. ती काढायची, तिचे सोनेरी दात खोडरबराने घासायचे आणि परत बसवायची. मामाचा रामबाण उपाय. घासलं की खोडरबर काळा होतो.

हा काळा झाला नाही. पिवळा झाला. ओला आणि चिकट.

मामाने तो खिडकीतून बाहेर भिरकावला आणि पँटला हात पुसले.

बीप थांबला. मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स होतं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी आल्या आणि अडकल्या. डिस्कवरच्या फायली विस्कटल्यात, हाताने तपासा, असं मशीन सांगत होतं.

आता इथे जरा नीट ऐका. ही तपासणी सुरू केली की मशीन डिस्कवरचे भरकटलेले तुकडे शोधतं. ज्यांचं नाव गेलं, ज्यांचा फोल्डर गेला, असे. मामा त्यांना बेवारस म्हणतो. दर तुकड्यामागे मशीन विचारतं, याला जोडू का? शेकडो वेळा विचारतं. म्हणून मेकॅनिक लोक कमांडला एक अक्षर चिकटवतात, वाय. म्हणजे सगळ्या प्रश्नांना परस्पर हो. मग कुणी काही वाचायचं नाही.

तरी मामाने विचारलं. "बरंच काही विचारेल हे. सगळ्याला हो म्हणू?"

"म्हणा की! काहीही विचारू दे, हो म्हणा. मला माझं काम परत द्या."

मामाने वाय लावला. एंटर मारला.

ओळी धावू लागल्या. बेवारस, जोडू का, हो. बेवारस, जोडू का, हो.

मग ओळी हळू झाल्या...

आणि मागून आवाज आला. सूं... सूं...

हवेच्या गादीचा पंप. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून आजाऱ्याखाली घालतात ती गादी.

मामाने वळून बघितलं. तिथे काहीच नव्हतं. पलंग आणि गादी भाड्याची, जानेवारीतच परत गेलेली. फरशीवर चार पायांचे डाग तेवढे होते.

सूं... सूं...

"तुम्हालाही ऐकू येतंय?" ताईंनी विचारलं.

तेवढ्यात तपासणी संपली. आवाजही थांबला.

प्रबंध सापडला. नाव गेलं होतं, नुसता आकडा उरला होता, पण फाइल उघडली. दोनशे चौदा पानं. एक ओळ इकडची तिकडे नाही. ताई ओक्साबोक्शी रडल्या.

मामाने सवयीने ओळी वर सरकवून बघितल्या. प्रत्येक बेवारस तुकड्याला आकडा होता. एका ओळीला नव्हता. तिथे इंग्रजी अक्षरांत, पण मराठीत लिहिलं होतं...

'मी एकटी. जोडू का?'

पुढे मामाचं उत्तर. हो.

त्याने ते ताईंना दाखवलं. ताईंनी दोनदा वाचलं. त्यांचं रडू जागच्या जागी थांबलं. ओठ आत ओढले गेले, नाकपुड्या आक्रसल्या. भरलेलं भांडं उचलताना माणसाचा चेहरा होतो तसा चेहरा झाला.

"मीच म्हणाले होते ना, हो म्हणा," एवढंच त्या बोलल्या.

घरी येऊन मामाने चारदा हात धुतले. तो वास नखांतून जायला आठवडा लागला.

पुढच्या वर्षी जूनमध्ये ताईंचा फोन आला. पदवी मिळाली होती. मामाने तोंडभरून अभिनंदन केलं. पण पलीकडे ताईंनी फोन जरा लांब धरला आणि कुणाला तरी म्हणाल्या, "थांबा. पाठ ओली झालीय तुमची. कूस बदलते."

मग रबरी हातमोजे ओढून चढवल्याचा आवाज... चट्. चट्.

मामाने फोन कानाला आणखी घट्ट लावला.

"दादा," ताई फोनवर परत आल्या. आवाज अगदी दबका. "मी घरं बदलून बघितली. दोन. डबा भंगारात दिला. काही उपयोग नाही हो. एक विचारू? एकदा दिलेलं हो मागे घेता येतं का?"

"नाही, ताई," मामा म्हणाला.

पलीकडून ओकारी दाबल्यासारखा आवाज आला आणि फोन बंद झाला.

मामा त्या दिवशी खोटं बोलला असता तर बरं झालं असतं, असं मला अजूनही वाटतं.